चिटणिशीचे कसब

‘कारकुनी’ हा शब्द आपल्या घरांतून फारशा आदराने उच्चारला जात नाही. मुलाचे अभ्यासात लक्ष नसले की ‘करील पुढे कुठेतरी कारकुनी’ असे म्हणावयाचे, आणि डोके न चालवता उरकलेल्या कामाला ‘कारकुनी काम’ म्हणून हिणवावयाचे, ही आपली रीत. उलट मंडळाची वार्षिक सभा जवळ आली की चिटणीसपद या खेपेस कोणाकडे जाणार याची चर्चा महिनाभर आधीपासून रंगते. वास्तविक कारकून आणि चिटणीस ही एकाच घरातली भावंडे आहेत. एकाला मान मिळाला आणि दुसऱ्याच्या वाट्याला थट्टा आली, एवढाच काय तो फरक.

स्मरणिका समितीच्या भगिनींनी यंदा मला ‘कार्यालयात काम करणाऱ्या मुलींनी काय काय शिकावे’ या विषयावर लिहावयास सांगितले. माझी छत्तीस वर्षे दप्तरात गेली; कनिष्ठ लिपिक म्हणून शिरले आणि अधीक्षक म्हणून बाहेर पडले. तेव्हा उपदेशाचे चार शब्द लिहिणे मला अवघड नव्हते. परंतु उपदेश वाचण्याची हौस कोणाला असते? त्यापेक्षा हे कसब आपल्या महाराष्ट्रात आले कोठून, कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले आणि आज ते कोठे येऊन ठेपले आहे, हे सांगावे असे मनात आले. इतिहास नीट पाहिला की उपदेश आपोआप निघतो.

प्रथम आपली आडनावेच पाहा. चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस, पारसनीस, कारखानीस, दप्तरदार ही आडनावे आपल्या परिचयाची आहेत. यांपैकी बहुतेकांच्या शेवटी येणारा ‘नीस’ हा फारसीतील ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. चिठ्ठ्या-पत्रे लिहिणारा तो चिटणीस. सरकारी हिशेबाची फर्दे लिहिणारा तो फडणीस. खजिन्याची, म्हणजे पोत्याची जमाखर्ची लिहिणारा तो पोतनीस. फौजेची वा किल्ल्यावरील माणसांची हजेरी ठेवणारा तो सबनीस. आणि फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा तो पारसनीस. तलवार गाजविणाऱ्यांचा इतिहास आपण शाळेत पाठ केला, परंतु लेखणी चालविणाऱ्यांचा इतिहास आपल्या दारावरच्या पाट्यांवर लिहिलेला असूनही आपण तो वाचत नाही.

या परंपरेचा आरंभ सांगताना हेमाद्रि पंडिताचे, म्हणजेच हेमाडपंताचे नाव घ्यावे लागते. तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव व रामदेवराव या यादव राजांच्या पदरी तो श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख होता. मोडी लिपी त्यानेच आणली अशी समजूत आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, मोडी ही दप्तराच्या गरजेतून वाढलेली लिपी होती यात शंका नाही. देवनागरीत प्रत्येक अक्षराला हात उचलावा लागतो. मोडीत कागदावर आधी आडवी रेघ ओढून घ्यावयाची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरास अक्षर जोडीत जावयाचे. ऱ्हस्वदीर्घाची फिकीर फारशी नाही, महत्त्व वेगाला. म्हणजे आपण ज्याला आज लघुलेखन म्हणतो त्याची निकड आपल्या पूर्वजांना शेकडो वर्षांपूर्वीच भासली होती. सांगणारा भरभर सांगतो आणि लिहिणाऱ्याने मागे पडता कामा नये, हा दप्तराचा पहिला नियम तेव्हापासूनचा आहे.

शिवछत्रपतींच्या काळात या कसबाला खरी शिस्त आली. १६७४ साली महाराजांचा राज्याभिषेक झाला, आणि अष्टप्रधानांच्या पदांना संस्कृत नावे मिळाली. त्यांतील सचिव, म्हणजे पूर्वीचे सुरनीस, हे पद अण्णाजी दत्तो यांच्याकडे होते. सचिवाचे काम काय? तर बाहेर जाणारी राजपत्रे वाचून पाहावयाची, त्यांत कमीजास्त काही असेल तर ते दुरुस्त करावयाचे, आणि मगच त्यावर आपली निशाणी करावयाची. एका माणसाने लिहावे आणि दुसऱ्याने तपासावे, ही आजच्या प्रत्येक चांगल्या कार्यालयातील पद्धत तीच आहे. किल्ल्यावरही असेच. हवालदाराकडे हुकूम, सबनिसाकडे हजेरी व हिशेब, आणि कारखानिसाकडे धान्य व सामानाची कोठी. कोठीची किल्ली व हिशेबाची वही एकाच्या हाती द्यावयाची नाही! ज्या संस्थेत खजिनदार आणि हिशेब तपासनीस एकच असतात, त्या संस्थेने हा धडा गिरवावा.

महाराजांच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ अशी एक लहानशी मोर्तब असे. तिचा अर्थ, येथे पत्राची मर्यादा झाली. त्यानंतर कोणी एक ओळ जरी घुसडली तरी ती खोटी ठरावी, अशी ती सोय. आज आपण ठरावाच्या शेवटच्या ओळीखाली मोकळी जागा राहिली तर तिरपी रेघ मारतो, त्यामागचा विचार हाच.

राज्याभिषेकाच्या सुमारास दुसरेही एक मोठे काम झाले. रघुनाथ नारायण हणमंते यांच्या देखरेखीखाली धुंडिराज व्यासांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला. दरबारात रुळलेल्या सुमारे १,४०० फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले, आणि त्याचे जे दहा वर्ग पाडले त्यांत एक ‘लेखनवर्ग’ही आहे. लढाया आणि किल्ले यांच्या धामधुमीत असलेल्या राजाला शब्दांचा कोश करून घ्यावासा वाटला, यातच दप्तराची किंमत त्याने किती ओळखली होती हे दिसते.

महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्याविषयीची एक आख्यायिका आपण लहानपणी ऐकली असेल. एक पत्र लिहून ठेवण्याची आज्ञा झाली होती, पण सवड न मिळाल्याने ते लिहावयाचे राहून गेले. महाराजांनी वाचून दाखवावयास सांगितले तेव्हा बाळाजींनी कोरा कागद हाती धरून सारे पत्र घडाघडा वाचून दाखविले. ही गोष्ट खरी कोणी धरावी अथवा न धरावी, तिच्यातले मर्म मात्र पक्के आहे. चांगला चिटणीस सांगितलेले शब्द नुसते उतरून घेत नाही. काय सांगावयाचे आहे आणि ते कोणाला, कोणत्या मायन्याने सांगावयाचे आहे, हे त्याच्या मनात आधी तयार असते. कागद नंतर येतो.

पेशवाईत पुण्याचे हुजूर दप्तर भरभराटीस आले. त्यात सुमारे दोनशे कारकून काम करीत असत. चालू कामकाजाचे ते ‘चालते दप्तर’ आणि आलेल्या हिशेबांचे वर्गवारीने गोषवारे काढून ठेवण्याचे ते ‘एकबेरीज दप्तर’, अशी त्याची दोन मोठी अंगे होती. रोजच्या नोंदीची ती रोजकीर्द. आलेला पैसा, गेलेला पैसा, दिलेली सनद, सोडलेला हुकूम, सगळे त्या त्या दिवसाच्या तारखेला चढावयाचे. कागद विषयवार लावून कापडात बांधावयाचे. त्या गठ्ठ्याला ‘रुमाल’ म्हणत. नाना फडणिसांनी या व्यवस्थेत पुष्कळ सुधारणा केल्या. राजकारणी मुत्सद्दी म्हणून आपण नानांना ओळखतो, परंतु त्यांच्या मुत्सद्देगिरीच्या मुळाशी कोणत्या गावचा वसूल किती आणि कोणत्या सरदाराकडे बाकी किती हे दप्तरातून ताबडतोब काढता येण्याची ताकद होती, हे आपण विसरतो.

पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत या दप्तराची आबाळ झाली. कारकून जवळजवळ नाहीसे झाले, आणि कोणीही यावे व कागद उचलून न्यावेत अशी अवस्था आली. राज्य १८१८ साली गेले, परंतु दप्तर त्याच्या आधीच विस्कटले होते. राज्य बुडण्याची कारणे अनेक असतात व त्यांचा वाद इतिहासकारांनी घालावा. मला मात्र असे वाटते की ज्या घरात हिशेबाची वही लिहिणे बंद होते त्या घराची घसरण बाहेरच्यांना दिसण्यापूर्वीच सुरू झालेली असते.

त्या कागदांचे मोल इंग्रजांनी ओळखले. १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने लोकांची इनामे तपासावयास घेतली तेव्हा सवाल एकच होता, कागद आहे काय? ज्याच्या सनदेची नोंद सापडली त्याचे टिकले, ज्याची सापडली नाही त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीवर गदा आली. नंतर विसाव्या शतकात रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी याच पेशवे दप्तरातून निवडलेले कागद १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंडांत प्रसिद्ध केले. पानिपताच्या स्वाऱ्या आणि पेशव्यांचे घरगुती व्यवहार आज आपणांस कळतात ते ज्यांच्यामुळे, त्या बोरू झिजविणाऱ्या कारकुनांपैकी बहुतेकांची नावेही कोणास ठाऊक नाहीत.

येथवरच्या साऱ्या कथेत भगिनींनो, आपण कोठेच नाही, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. फडणीस झाले, चिटणीस झाले; त्यांच्या घरच्या बायकांच्या हाती लेखणी क्वचितच आली. तो दरवाजा उघडला एका लोखंडी यंत्राने.

आयझॅक पिटमन यांनी इंग्लंडात १८३७ साली आपली लघुलेखनाची पद्धत प्रसिद्ध केली, आणि १८७४ च्या सुमारास अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीचे टंकलेखन यंत्र बाजारात आले. या दोन विद्यांनी तिकडच्या स्त्रियांना कचेरीत जागा मिळवून दिली. आपल्याकडेही मुंबईच्या पेढ्यांत व कंपन्यांत पहिल्या टंकलेखिका आल्या त्या मुख्यतः ख्रिस्ती, अँग्लोइंडियन व पारशी समाजांतल्या. आपल्या मराठी मध्यम वर्गातल्या मुली मोठ्या संख्येने या वाटेला लागल्या त्या पुढे. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले, अशा कार्याने शिकलेल्या मुलींची एक फळी तयार झाली होती. महागाई वाढली, एकाच्या पगारात मुंबईचे बिऱ्हाड चालेनासे झाले, आणि ‘मुलीला टायपिंग तरी शिकवा’ हे वाक्य घरोघर ऐकू येऊ लागले. १९५५ साली गोदरेज कंपनीने देशी बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले.

टायपिंगच्या त्या वर्गांची आठवण आमच्या पिढीतील अनेकींना असेल. दुकानाच्या माडीवर लांबट खोली, दोन्ही बाजूंस यंत्रे, आणि बाहेरच्या रस्त्यापर्यंत ऐकू येणारा तो टकटकाट. इंग्रजीसाठी मिनिटाला चाळीस शब्द आणि मराठीसाठी तीस, ही सरकारी नोकरीची किमान पात्रता. मराठी यंत्र शिकणे अधिक जिकिरीचे, कारण त्यात पुष्कळ अक्षरे अर्धी असत आणि काना मारून ती पुरी करावी लागत. नोकरी लागल्यावर कळले की वेग हा नुसता उंबरठा आहे. मूळ प्रतीखाली चार कार्बन लावलेले असत. एक अक्षर चुकले की पाचही प्रतींवर रबर फिरवावे लागे, आणि साहेबांच्या सहीसाठी शिपाई दारात उभा असे. तेव्हा हात चालण्याच्या आधी डोळ्याने वाक्य पुरे वाचावयाचे, ही सवय आम्हांला त्या कार्बनने लावली.

कचेरीचा दरवाजा उघडला म्हणजे आत बसावयास जागा मिळाली असे नाही. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत स्त्रीपुरुष भेद करता येणार नाही असे सांगितले. तरीही लग्न होताच बाईची नोकरी संपवावयाची असे नियम कित्येक ठिकाणी चालू होते. मुंबईतील एका औषध कंपनीतल्या अशाच नियमाविरुद्ध कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि १९६५ साली न्यायालयाने तो नियम रद्द ठरविला. परराष्ट्र सेवेत तर लग्नासाठी सरकारची परवानगी घ्यावी, असा नियम स्त्री अधिकाऱ्यांपुरता होता. सी. बी. मुथम्मा यांनी त्याविरुद्ध दाद मागितली, आणि १९७९ साली न्यायालयाने सरकारच्या त्या दृष्टीवर कडक ताशेरे ओढले. महाराष्ट्र शासनाने १९९४ साली महिला धोरण जाहीर केले व सरकारी नोकऱ्यांत स्त्रियांसाठी तीस टक्के जागा राखून ठेवल्या. कामाच्या ठिकाणी स्त्रीचा छळ होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा निकालात नियम घालून दिले, आणि त्यांचा कायदा होण्यास २०१३ साल उजाडले. आज नोकरीस निघालेल्या आपल्या लेकीसुनांनी हे सन ध्यानात ठेवावेत, कारण टंकलेखनाच्या वेगाइतकेच आपले हक्क ठाऊक असणे हेही कार्यालयीन कसबच आहे.

याच सुमारास कचेरीची भाषाही बदलत होती. महाराष्ट्र राज्य झाले आणि ६ जुलै १९६० रोजी भाषा संचालनालय स्थापन झाले. १९६२ साली पदांच्या नावांचा ‘पदनाम कोश’ निघाला. सचिव, संचालक, अधीक्षक, लिपिक हे शब्द रुळू लागले. नव्या शब्दांची भरपूर चेष्टा झाली. विनोदी टीकाकारांनी त्याला ‘बदनाम कोश’ असे नाव ठेवले. १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला आणि १ मे १९६६ पासून शासनाचा कारभार मराठीतून करण्यास आरंभ झाला. त्या शब्दांपैकी काही जड होते हे खरेच. परंतु ज्या शब्दांना लोक हसले त्यांपैकी कित्येक आज आपण सहज बोलून जातो. चांगल्या लिपिकाने मात्र एवढे पाहावे की आपले पत्र ज्याच्या नावे जाते त्याला ते शेजाऱ्याकडे नेऊन समजून घ्यावे लागू नये. शुद्ध मराठी आणि सोपी मराठी यांत वैर नाही.

आता माझ्या नोकरीतील एक हकिगत सांगते. मी ज्या कार्यालयात होते तेथे एका शिपायाची विधवा कुटुंब निवृत्तिवेतनासाठी खेटे घालीत होती. नवऱ्याची नोकरी पुष्कळ वर्षांची, परंतु त्यातील पहिल्या काळाची पडताळणी सेवापुस्तकात झालेलीच नव्हती. नोंद नाही म्हणजे कायद्याने ती वर्षे नाहीत! बाई दर आठ-दहा दिवसांनी येई आणि दाराशी बसून राही. तिच्याशी कोणी उर्मटपणे बोलत नसे. सगळे हळहळत, आणि ती रिकाम्या हाताने परत जाई. शेवटी आमच्या एका वृद्ध मुख्य लिपिकांना आठवले की त्या वर्षांच्या पगारपत्रकांच्या कार्यालयीन प्रती अभिलेख कक्षात असाव्यात. तेथे जाऊन पाहतो तो वर्षवार बांधलेले गठ्ठे, प्रत्येकावर चिठ्ठी, चिठ्ठीवर महिने! वीस-बावीस वर्षांपूर्वी कोणा कारकुनाने ते इतके नेटके लावून ठेवले होते की अर्ध्या तासात त्या शिपायाचे नाव सापडले. प्रकरण मार्गी लागले. हळहळ करणारे आम्ही सर्व होतो, पण त्या बाईला पोटाला लावले ते गठ्ठ्यावर चिठ्ठी लावणाऱ्या माणसाने. सहानुभूती आणि सुबक दप्तर यांत निवड करावयाची वेळ आलीच, तर गरजू माणसाला दुसऱ्याचा उपयोग अधिक, असे मी तेव्हापासून मानीत आले आहे.

हेच सूत्र धरून ऐंशीच्या दशकाच्या आरंभी तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालय सुधारणेचा प्रयोग केला, आणि ‘लखिना पद्धत’ हे नाव राज्यभर झाले. सहा गठ्ठ्यांची पद्धत सरकारी कचेऱ्यांत सर्वांच्या परिचयाची आहे. पहिल्या गठ्ठ्यात निकालात काढावयाची प्रकरणे. दुसऱ्यात ज्यांचे उत्तर बाहेरून यावयाचे आहे अशी प्रतीक्षेतील प्रकरणे. तिसऱ्यात ठरावीक मुदतीने पाठवावयाची विवरणपत्रे. चौथ्यात कायमचे आदेश. पाचव्यात अभिलेख कक्षात पाठवावयाचे कागद. आणि सहाव्यात मुदत संपल्यावर नष्ट करावयाचे कागद. जपून ठेवावयाच्या कागदांचेही वर्ग आहेत. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, आणि ‘ड’ एका वर्षाचा. काय ठेवावे याइतकेच काय टाकावे हे कळणे महत्त्वाचे. ज्या घरात काहीच टाकले जात नाही त्या घरात वेळेवर काही सापडत नाही, हे आपणां गृहिणींना कोणी शिकवावयास नको.

त्यानंतर कायद्यांनीही दप्तराला जाग आणली. २००२ साली महाराष्ट्राचा व २००५ साली देशाचा माहिती अधिकाराचा कायदा आला. सर्वसाधारण अर्जाला तीस दिवसांत उत्तर द्यावे, आणि कागदांची सूची करून ते नीट ठेवावेत, हे बंधन कायद्याने घातले. राज्यात २००५ चाच दुसरा एक कायदा आहे, ज्याचे नाव बरेच पल्लेदार असल्याने लोक त्याला ‘दप्तर दिरंगाईचा कायदा’ म्हणतात. कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सामान्यतः सात कामाच्या दिवसांहून अधिक पडून राहू नये, असे तो सांगतो. कायद्याने सात दिवस लिहिले म्हणून सर्व कागद सात दिवसांत हलू लागले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु नागरिकाला विचारावयाचा आधार मिळाला, हे थोडे नव्हे.

आणि मग संगणक आला. २००१ साली राज्यात एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि टायपिंगच्या वर्गांत यंत्रांच्या शेजारी पडदे मांडले गेले. गोदरेज कंपनीने २००९ साली टंकलेखन यंत्रे बनविणे बंद केले. नस्ती आता पडद्यावर फिरू लागली. याची निकड २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीने सर्वांच्या नजरेस आणली. त्या आगीत माणसे दगावली आणि असंख्य कागद जळाले. कागदाची दुसरी प्रत अन्यत्र असावी, हा धडा फार महाग पडला. परंतु संगणकानेही दप्तराचा जुना नियम बदललेला नाही. पूर्वी कागद कपाटात हरवे, आता तो ‘नवीन पत्र’, ‘नवीन पत्र दोन’, ‘नवीन पत्र अंतिम’ अशा नावांच्या गर्दीत हरवतो. ज्याला रुमालावर चिठ्ठी लावता येत नव्हती त्याला फाइलीलाही नाव देता येत नाही.

नवे आले म्हणून जुने निरुपयोगी झाले असेही नाही. सरकारी व्यवहारातून मोडी १९५० च्या सुमारास गेली. २०२३ साली मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि जुनी मोडी दप्तरे धुंडाळण्याचे काम निघाले, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. शंभर वर्षांपूर्वी गावच्या एखाद्या कारकुनाने जन्ममृत्यूच्या वहीत घातलेला एक शब्द आज कोणाच्या तरी पणतवंडाच्या शिक्षणाला वा नोकरीला आधार होऊ शकतो. त्या कारकुनाला याची कल्पनाही नसेल. त्याने फक्त त्या दिवशीचे काम त्या दिवशी, नीट अक्षरात केले होते.

आज यंत्रे पत्राचा मसुदाही स्वतः करू लागली आहेत. काही मुली मला विचारतात, ‘मावशी, आता आमचे काय काम उरणार?’ मी त्यांना सचिवाच्या निशाणीची गोष्ट सांगते. मसुदा कोणीही करो, तो वाचून, त्यातील नाव, तारीख, रक्कम मूळ कागदाशी ताडून पाहून ‘हे बरोबर आहे’ असे म्हणणारा माणूस लागतोच. पत्रावर सही यंत्राची नसते आणि जाब यंत्राला विचारीत नाहीत. ऐकलेले नेमके समजून घेणे, थोडक्यात व सभ्यपणे लिहिणे, लिहिलेले तपासणे, ठेवलेले सापडेल असे ठेवणे, आणि ज्या गोष्टी कचेरीच्या भिंतीआड राहावयाच्या त्या ओठांआड ठेवणे, ही पाच कामे बोरूच्या काळी होती तीच आज आहेत. यांत सहावे मी आपल्या पदरचे घालते. समोर उभ्या असलेल्या माणसाला ‘उद्या या’ म्हणण्यापूर्वी, आज काय करता येईल ते पाहावयाचे.

आता शेवटी मंडळापुरते बोलते. आपले मंडळ ही नोंदलेली संस्था आहे. कार्यकारिणी बदलली की फेरफार अहवाल ठरलेल्या मुदतीत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो, हिशेब तपासून घ्यावे लागतात, आणि सभेचे इतिवृत्त पुढील सभेत वाचून कायम करावे लागते. ही कामे दरवर्षी दोघीतिघी निमूटपणे करतात, आणि हळदीकुंकवाच्या फोटोत त्या बहुधा मागच्या रांगेत असतात. या वर्धापनदिनानिमित्त माझी एक सूचना आहे. सभागृहाच्या मागच्या खोलीतील कपाटात मंडळाची जुनी इतिवृत्ते, पावतीपुस्तके, पत्रे आणि फोटो एकत्र कोंबलेले आहेत. दिवाळीनंतरच्या चार शनिवारी दुपारी आपण दहाजणींनी बसून त्यांचे गठ्ठे लावावेत, प्रत्येकावर सालाची चिठ्ठी लावावी, वाळवी लागलेले वेगळे काढावे, आणि महत्त्वाच्या कागदांचे फोटो काढून संगणकात दोन ठिकाणी ठेवावेत. नोकरीच्या शोधात असलेल्या आपल्या मुलींना बरोबर घ्यावे. चार शनिवारांत त्या जे शिकतील ते कोणत्याही वर्गात शिकावयास मिळणार नाही. चिठ्ठ्या मी लिहीन. कापडाच्या रुमालांसाठी जुनी सुती लुगडी कोणाकडे असतील तर त्यांनी ती धुऊन आणावीत.